चौदा इंजेक्शनं

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रं चावलं. मोहिनीराजाच्या देवळाकडून सायकलवर येत होता, मागून येऊन कुत्र्यानं पोटरी धरली. त्याची आजी त्याला घेऊन रडतच माझ्या दारात आली. म्हणाली, "गुरुजी, आता ह्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. एवढंसं पोर, कसं सोसायचं त्यानं? पलीकडच्या गावात एक जण झाडपाला देतो म्हणतात. आधी तिकडं नेऊ का?"

"आधी जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात चला," एवढंच सांगायचं होतं. ते मी सांगितलंही. पण सांगण्याआधी माझी जीभ क्षणभर अडखळली. आजीच्या ते लक्षात आलं नसावं. माझ्या मात्र आलं. ती का अडखळली, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यासाठी मला आधी 1979 साली जावं लागेल, मग पॅरिस, कसौली, न्यूयॉर्क, बँकॉक असं बरंच हिंडून पुन्हा नेवाशाला यावं लागेल. जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा सरळ रस्त्यानं जाण्याची सवय नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

1979 साली मी आमच्या तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या एका गावी शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. घरी चाळीस-पन्नास मेंढरं. अभ्यासात यथातथा, पण पळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. वडील झाडपाल्यावर निभावून न्यायच्या विचारात होते. मी तीनदा त्यांच्या घरी गेलो, रेबीज म्हणजे काय ते सांगितलं, शेवटी थोडा आवाज चढवला आणि मुलाला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. रोज एक, पोटात, अशी चौदा इंजेक्शनं. ज्यांनी ती घेतली किंवा कुणाला घेताना पाहिली त्यांना ती जाड सुई आठवत असेल. पोर ओठ दाबून पडून राहायचं.

दहाव्या-अकराव्या इंजेक्शनानंतर त्याला ताप आला. पाठ दुखू लागली. दोन दिवसांत पाय जड झाले, मग उचलेनात. लघवी अडली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घातली, स्टिरॉइड दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "कधी कधी होतं असं ह्या लशीनं." बस्स, एवढंच. का होतं, कशानं होतं, काही नाही.

मुलगा वाचला. दोन महिने अंथरुणात, मग भिंत धरून, मग काठी घेऊन. वर्षभरात चालायला लागला. उजवा पाय मात्र कायमचा ओढत राहिला. पळणं संपलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी कदाचित ती विसरलोही असतो. पण गावानं तिचा अर्थ आपल्या परीनं लावला: कुत्र्यानं काही झालं नाही, सुईनं पाय गेले. पुढच्या वर्षी त्याच गावातल्या एका बाईला कुत्रं चावलं. तिनं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. झाडपाला घेतला. दीड-दोन महिन्यांनी ती पाण्याला घाबरू लागली. पुढचं लिहीत नाही. ज्यांनी रेबीजचा मृत्यू पाहिला आहे त्यांना लिहून सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो पाहू नये.

ही दोन माणसं माझ्या मनावर कायमची बसली. एकाला मी नेलं म्हणून त्याचे पाय गेले. दुसरी त्याचे पाय पाहून गेली नाही, म्हणून तिचा जीव गेला.

असो. तीस वर्षं गेली. 2008 साली मी निवृत्त झालो. दुसऱ्याच वर्षी पुण्याहून बहिणीचा फोन आला. भाचीला, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, डाव्या डोळ्यानं अंधुक दिसू लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा पाय काही आठवडे बधिर झाला होता आणि आपोआप बरा झाला होता, तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं. एम.आर.आय. काढल्यावर निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एम.एस. मला एम.एस. म्हणजे सर्जनच्या नावापुढची पदवी एवढंच माहीत होतं.

तिच्याबरोबर मी एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी छान समजावून सांगितलं. मज्जातंतू म्हणजे विजेची तार धरा. तिच्यावर जसं रबरी वेष्टन असतं तसं मज्जातंतूवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीची वायर उंदरानं कुरतडली की मोटार कधी घरघरते, कधी बंद पडते. तसंच इथं. मायलिन गेलं की संदेश रखडतो किंवा पोचतच नाही. डोळ्याच्या मज्जातंतूवरचं गेलं तर दिसत नाही, पाठीच्या कण्यातलं गेलं तर पाय चालत नाहीत. आणि कुरतडणारा उंदीर बाहेरून आलेला नसतो. आपलीच रोगप्रतिकारशक्ती ते करते. राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्याच माणसाला चावावं, तसं.

निघताना, का कुणास ठाऊक, मी त्यांना 1979ची हकिकत सांगितली. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्याचा आजार आणि हिचा आजार हे एक नव्हेत, पण चुलतभाऊ आहेत. हिचं औषध ज्या वाटेनं सापडलं, ती वाट तुमच्या त्या मुलासारख्या माणसांपासूनच सुरू होते."

ते वाक्य घेऊन मी नेवाशाला परत आलो आणि पुढची काही वर्षं जमेल तसं वाचत राहिलो. इंग्रजी कच्चं, त्यामुळे शब्दकोश मांडीवर. जे कळलं ते असं.

एम.एस.चं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी, 1868 साली. मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत आणि कण्यात त्यांना कडक झालेले डाग दिसले. तिथलं मायलिन नाहीसं झालेलं होतं. पण हे कशानं होतं ते त्यांना सांगता आलं नाही आणि पुढची साठ-सत्तर वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

त्याच पॅरिसमध्ये 1885च्या जुलैत लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली. ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेला मुलगा, त्याची घाबरलेली आई, आणि मुलगा वाचतो! मुलं टाळ्या वाजवायची. ती लस कशापासून केली होती, ते मात्र मी कधी सांगितलं नाही, कारण तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. रेबीज झालेल्या सशाचा पाठीचा कणा वाळवून ती केलेली होती. म्हणजे लशीबरोबर सशाची मज्जाही त्या मुलाच्या अंगात गेली होती.

ही लस जगभर पसरली आणि काही वर्षांतच तक्रारी येऊ लागल्या. लस घेतलेल्यांपैकी काही थोड्यांना पंधरा-वीस दिवसांत लकवा होई. काही बरे होत, काही दगावत. सुरुवातीला वाटलं, हा रेबीजच असेल, लशीतलं विष पुरतं मेलं नसेल.

आपल्याकडे हिमालयातल्या कसौलीला 1900 साली पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे प्रमुख राहिलेले डेव्हिड सेम्पल यांनी 1911 साली लस करण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. मेंदूतला विषाणू फिनॉल वापरून पूर्ण मारायचा. म्हणजे लशीनंच रेबीज होण्याची भीती नाही. रीत सोपी, स्वस्त, आणि लस दूरवर पाठवता येण्याजोगी. भारतात पुढे तिच्यासाठी मेंढीचा मेंदू वापरला जाऊ लागला. तुम्हाआम्हाला माहीत असलेली पोटातली चौदा इंजेक्शनं ती हीच. तिनं किती जीव वाचवले याची गणती नाही, आणि हे विसरून पुढचं काही बोलणं हा कृतघ्नपणा होईल.

पण विषाणू मारला तरी लकवे थांबले नाहीत. 1927 साली पॅरिसला रेबीजवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं या लकव्यांचा विषय निघाला. रेम्लँजे नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांकडून त्यांची माहिती गोळा केली होती. त्यांची खात्री झाली होती, की काही संस्था आपल्याकडचे असे रुग्ण लपवत आहेत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. "कधी कधी होतं असं," हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

सुदैवानं सगळ्यांनी लपवलं नाही. नोंदी होत्या म्हणून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या थॉमस रिव्हर्स यांना प्रश्न पडला: लकवा विषाणूमुळे होतो की मेंदूच्या भुकटीमुळे? त्यांनी माकडांना विषाणू नसलेल्या, निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. कित्येक आठवडे टोचत राहिल्यावर काही माकडांचे पाय लुळे पडले. त्यांच्या मेंदूत जागोजाग मायलिन नाहीसं झालेलं होतं. 1933 आणि 1935 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. विषाणू निर्दोष ठरला. परक्या प्राण्याच्या मेंदूतलं मायलिन अंगात गेलं की शरीराचे राखणदार त्याच्यावर चालून जातात, आणि त्या झुंजीत त्यांना आपलं मायलिन आणि परकं मायलिन यांतला फरक कळेनासा होतो.

माझ्या विद्यार्थ्याला नेमकं हेच झालं होतं. 1979 साली जे मला कुणी सांगितलं नाही ते 1935 सालीच छापून आलेलं होतं!

त्या माकडांच्या मेंदूतले डाग पाहून शास्त्रज्ञांना शार्कोंचे डाग आठवले. एम.एस.मध्ये लस नसते, बाहेरून कुणी मेंदू टोचत नाही, तरी शरीर स्वतःच्या मायलिनवर तुटून पडतं. आणि लशीचा लकवा बहुधा एकदाच येतो, एम.एस.चे झटके वर्षानुवर्षं येत राहतात. फरक मोठा आहे. पण निदान प्रयोगशाळेत अभ्यासायला एक आजार मिळाला. त्या माकडांच्या, आणि पुढे उंदरांच्या व गिनीपिगच्या आजारावर जगभर काम सुरू झालं. आज एम.एस.वर जी औषधं आहेत त्यांतली अनेक या वाटेवरून आली.

त्यांतल्या एकाची कथा तर फारच मजेची. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल सेला, रूथ आर्नन आणि द्वोरा टाइटलबाउम यांना मायलिनमधल्या एका प्रथिनाची नक्कल करायची होती. हेतू असा, की नकलेनंही प्राण्यांना तोच आजार होतो का ते पाहावं. चार अमिनो आम्लं जोडून त्यांनी एक पदार्थ केला आणि गिनीपिगना टोचला. आजार झाला नाही. उलट ज्या जनावरांना आजार व्हायला हवा होता ती त्यापासून वाचली! 1971 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. राखणदाराला घरच्या माणसासारखा दिसणारा बाहुला दाखवत राहिलं, की हळूहळू त्याचं भुंकणं कमी होतं, असं काहीसं. तेच औषध पुढे ग्लॅटिरॅमर या नावानं 1996च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झालं.

माझी भाची ते घेत असे. रोज एक इंजेक्शन, कातडीखाली, कधी मांडीत, कधी दंडात, कधी पोटात. महिन्याचा खर्च माझ्या तेव्हाच्या पेन्शनहून जास्त. एकदा मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी ती सुई भरत होती. मी तोंड फिरवलं. ती हसून म्हणाली, "मामा, तुमच्या त्या मुलानं चौदा घेतली होती ना? माझी दोन हजारांच्या वर झाली." तिला मी काय सांगणार होतो? तिच्या हातातल्या सुईचा उगम त्या मुलासारख्यांच्या पोटातल्या सुईत होता.

आता या इतिहासातलं मला सर्वांत जास्त टोचलेलं वर्ष सांगतो. 1987. त्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या एकाच नियतकालिकात दोन लेख आले. एक बँकॉकच्या थिरावत हेमाचुधा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सेम्पल लस घेऊन लकवा झालेल्या थायलंडमधल्या रुग्णांच्या रक्तात मायलिनमधल्या त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, असं त्यांनी दाखवलं. प्राण्यांत जे दिसलं होतं ते माणसांतही सिद्ध झालं. दुसरा लेख अमेरिकेच्या मरे बॉर्नस्टीन यांचा. एम.एस.च्या 50 रुग्णांवर त्या इस्राएली औषधाची चाचणी, आणि औषधानं झटके कमी होतात असा निष्कर्ष. इजा आणि उपाय, दोन्ही एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात.

आणि आपल्याकडे? मज्जेचा अंश नसलेली, पेशींवर वाढवलेली लस तोवर आलेली होती. 1975 साली इराणमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांनी आणि लांडग्यांनी चावलेल्या 45 जणांना ती दिली होती आणि सगळे वाचले होते. जागतिक आरोग्य संघटना 1980च्या दशकापासून सांगत होती, की मेंदूपासून केलेली लस बंद करा. ज्यांच्या खिशात पैसे होते ते मेडिकलमधून नवी लस विकत घेत. मेंढपाळाचं, शेतमजुराचं पोर मात्र सरकारी दवाखान्यातली फुकटची मेंढीच्या मेंदूचीच घेई. भारतात तिचं उत्पादन थांबलं ते 2004च्या डिसेंबरात. सेम्पलनंतर 93 वर्षांनी, रिव्हर्सनंतर सुमारे 70 वर्षांनी.

योगायोग पाहा. त्याच सुमारास, 2004च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत एम.एस.वर नॅटालिझुमॅब नावाचं नवं औषध मान्य झालं. तेही याच प्राण्यांवरच्या संशोधनातून आलेलं. तीन महिने होतात न होतात तोच औषध घेणाऱ्या दोघांना मेंदूचा एक दुर्मिळ, घातक संसर्ग झाल्याचं कळलं. फेब्रुवारी 2005मध्ये औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. मग धोका नेमका कुणाला ते तपासून, कडक नियम घालून 2006 साली परत आणलं. मला माहीत आहे, ही तुलना सरळ नाही. रेबीजमध्ये लस घेतली नाही तर मरण ठरलेलं, आणि गरीब देशानं कोट्यवधींसाठी महाग लस आणायची कुठून, हा प्रश्न खरा होता. तरीही एकीकडे दोन रुग्णांची नोंद तीन महिन्यांत औषध थांबवते आणि दुसरीकडे नोंदच होत नाही, हा फरक मला खटकतो. माझ्या विद्यार्थ्याची नोंद कुठल्या वहीत झाली असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक. मीही केली नाही.

भारतात एम.एस.चंही बराच काळ असंच होतं. हा गोऱ्या लोकांचा, थंड देशांतला आजार, आपल्याकडे जवळजवळ नाहीच, अशी समजूत होती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात शोध घेतला आणि त्यांच्यात हा आजार इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त असल्याचं 1990 साली दाखवून दिलं. 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली होतीच. पुढे एम.आर.आय. यंत्रं आली आणि इतर समाजांतही रुग्ण सापडू लागले. मोजायला बसल्याशिवाय आकडा दिसत नाही, हे साधं सत्य.

शरीर स्वतःवर का उलटतं याचंही उत्तर हळूहळू पुढे येतं आहे. 2022 साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासून असं दिसलं, की एप्स्टीन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एम.एस.चा धोका 32 पट वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होतो आणि बहुतेकांना काही होत नाही, म्हणजे एवढं एकच कारण पुरेसं नाही. पण त्यातला एक तुकडा आपल्या मज्जेतल्या एका प्रथिनासारखा दिसतो, असंही त्याच वर्षी आढळलं. पुन्हा तेच: परक्याला ओळखताना घरच्यावर उठलेला हात.

आता एक प्रश्न उरतो. तो मला कित्येक वर्षं पडलेला होता. त्या मुलाचे पाय परत आले कसे?

मेंदूतलं आणि कण्यातलं जे एकदा गेलं ते परत येत नाही, असंच पूर्वी मानत. 1961 साली मेरी आणि रिचर्ड बंज या अमेरिकी दांपत्यानं, हान्स रिस यांच्याबरोबर, मांजराच्या कण्यातलं मायलिन प्रयोगानं घालवलं आणि नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. उघड्या पडलेल्या तंतूंवर नवं मायलिन चढत होतं! पहिल्यापेक्षा पातळ, पण चढत होतं. म्हणजे शरीर नुसतं उलटत नाही, स्वतःची डागडुजीही करतं. तेरा वर्षांच्या त्या पोराच्या कण्यात, तो भिंत धरून उभा राहत होता तेव्हा, हेच चाललेलं असणार. मी मात्र त्याच्या आईनं बोललेल्या नवसाचा नारळ फोडायला गेलो होतो.

एम.एस.मध्ये ही डागडुजी सुरुवातीला होते. म्हणूनच भाचीचा पाय पहिल्या खेपेला आपोआप बरा झाला. पण झटके येत राहतात, वय वाढतं, आणि मायलिन विणणाऱ्या पेशी थकतात. सध्याची औषधं उंदराला अडवतात. कुरतडलेली वायर पुन्हा गुंडाळून देणारं, मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. प्रयत्न चालू आहेत. क्लेमास्टिन ही ॲलर्जीची जुनी गोळी. 2017 साली अमेरिकेत 50 रुग्णांवर तिची चाचणी झाली, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश किंचित जलद झाला. किंचित म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. पण झाला. दुसरं एक औषध, ज्याच्यावर मोठी आशा होती, ते चाचण्यांत टिकलं नाही आणि 2020 साली सोडून द्यावं लागलं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना 2019 साली असं आढळलं, की म्हाताऱ्या उंदरांना मेटफॉर्मिन दिलं तर त्यांच्या थकलेल्या पेशी पुन्हा मायलिन विणू लागतात. मेटफॉर्मिन! माझ्या डब्यात रोज सकाळ-संध्याकाळ असते ती डायबेटिसची गोळी. म्हणून कुणी आपल्या मनानं ती सुरू करू नये. उंदीर आणि माणूस यांच्यात अंतर असतं, आणि आशेच्या भरात केलेल्या उपायानं इजा होते हेच तर या लेखभर सांगतो आहे.

भाची आज बरी आहे. औषध मध्यंतरी बदललं. चालते, नोकरी करते, थकते. उन्हाळ्यात जास्त थकते.

नेवासा हे ज्ञानेश्वरीचं गाव. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं असं आपण मानतो तो पैस खांब इथं आहे. शके 1212, म्हणजे 1290 साल. सगळे ज्ञानेश्वरांपुढे हात जोडतात, मीही जोडतो. पण या वयात मला ते लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांची जास्त आठवण येते. बोलणारा कितीही मोठा असो, कुणीतरी लिहून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. शास्त्रातही तेच. बँकॉकच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचं लिहून ठेवलं, रेम्लँजेंनी लपवलेलं शोधून लिहिलं, रिव्हर्सनी लिहिलं. त्यातून एक वाट झाली आणि त्या वाटेनं माझ्या भाचीचं औषध आलं. माझ्या गावातलं कुणी लिहिलं नाही, त्यातून फक्त भीती शिल्लक राहिली. ती 1980 साली एका बाईला घेऊन गेली आणि मागच्या महिन्यात माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

त्या मुलाला आम्ही दवाखान्यात नेलं. आता पोटात इंजेक्शन नाही. लशीत मेंढीचा मेंदू नाही. दंडात, कातडीत छोटी सुई, महिनाभरात चार खेपा. जखम खोल होती म्हणून जखमेभोवती वेगळं औषधही टोचलं. पहिल्या खेपेला पोरगं रडलं, दुसऱ्या खेपेला नर्सबाईंशी गप्पा मारत होतं. परवा शेवटची खेप झाली. आजींनी पेढे आणून दिले.

लेख लिहायला घेण्याआधी मी माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याला जाऊन भेटलो. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे, नातवंडं आहेत, पाय अजून ओढतो. त्याला सगळं सांगितलं: पाश्चर, मेंढीचा मेंदू, माकडं, भाची. आणि माफी मागितली. सेहेचाळीस वर्षांनी.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मेंढराचा मेंदू व्हय गुरुजी? तुम्ही वर्गात मला मेंढराच्या डोक्याचा म्हणायचे, ते काय खोटं नव्हतं तर." आणि हसला. मला हसू येईना. तेव्हा म्हणाला, "आन् तुम्ही नेलं नसतं तर? ती बाई गेली तसा मी गेलो नसतो कशावरून? पाय गेला, पर जीव हाय की."

मी विचारलं, "हे लिहू का?"

"लिहा की. पोरांना वाचून दावीन. माझं नाव तेवढं घालू नका," म्हणाला.

म्हणून लिहिलं. नाव घातलेलं नाही.